साहेबाच्या बंगल्याचे ‘हेरिटेज हॉटेल’ करण्याआधी

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या दोघा भावांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जांबोटीच्या बाजूला त्यांचा इंग्रजी अमदानीतला कौलारू बंगला आहे. आजोबांनी तो स्वातंत्र्याच्या आगेमागे, देश सोडून निघालेल्या एका साहेबाकडून विकत घेतला. आता तिथे हेरिटेज हॉटेल करायचे चालले आहे. एका सल्लागाराने माहितीपत्रकाचा मसुदा करून दिला आहे. त्यात ‘१७९० सालचे हिल स्टेशनवरील मॅनर हाउस’ आणि ‘ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांचा येथे मुक्काम होता’ अशी दोन वाक्ये आहेत. हे खरे धरावे का, खरा इतिहास कुठे सापडेल, आणि हॉटेल करताना घराचे काय राखावे, असे मुख्य तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत; घराबद्दलच्या दंतकथांचे आणि खोल्यांच्या नावांचे काय करावे, हेही विचारले आहे. बेळगाव, चंदगड, आंबोली या पट्ट्यातली जुनी घरे दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेलिंग्टनचा निकाल आधी लावू, कारण त्याला वेळ लागत नाही. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, या मुलखाच्या आसपास फौज घेऊन फिरला हे खरे आहे. १८०० साली तो धोंडिया वाघ या बंडखोराच्या मागावर होता आणि १८०३ च्या मोहिमेतही दख्खनमध्ये होता. पण तेव्हा तो ड्यूक नव्हता आणि १८०५ मध्ये तर हिंदुस्थान सोडून गेला. बेळगावचा किल्ला इंग्रज सेनापती मन्रोने घेतला तो १८१८ च्या एप्रिलमध्ये. १७९० साली हा सगळा पेशवाईचा मुलूख. तेव्हा कुणी गोरा माणूस जांबोटीच्या रानात पोर्च आणि व्हरांड्याचा बंगला बांधून बसला असेल, हे संभवतच नाही. मोहिमेवरचा सेनापती झोपला असेल तर तंबूत. तेव्हा दोन्ही वाक्ये काढून टाका. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. तुमच्या पहिल्याच पाहुण्यांत एखादे निवृत्त कर्नल निघतील आणि नाश्त्याच्या टेबलावरच तुमची उलटतपासणी घेतील.

‘हिल स्टेशन’ या दाव्यावर मात्र थोडे थांबायला हवे, कारण तिथेच तुमच्या घराचा खरा इतिहास दडला आहे असे मला वाटते.

मुंबई इलाख्यातली हिल स्टेशने कशी झाली ते बघा. लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी १८२४ मध्ये महाबळेश्वरचा डोंगर चढला. गव्हर्नर जॉन माल्कमने १८२८ मध्ये तिथे आजारी गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यधाम काढले आणि १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना खंडाळा हे गाव देऊन बदल्यात ती जागा घेतली. माल्कमपेठ उभी राहिली ती त्यातून. पुढे मुंबई सरकारचे वर्षच डोंगराप्रमाणे चालू लागले: उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे, दिवाळीच्या सुमारास पुन्हा थोडे महाबळेश्वर आणि थंडीत मुंबई. माथेरान ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने १८५० मध्ये शोधले. तिथली झुकझुक गाडी आली १९०७ मध्ये, तीही पीरभॉय घराण्याच्या पैशाने. म्हणजे हिल स्टेशनला तीन गोष्टी लागत: खाली उकडणारे शहर, वर जाणारा रस्ता, आणि हंगामापुरते वर जाऊन राहणारे सरकार किंवा सावकार.

आता बेळगाव बघा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर. आंबोली सुमारे ६९० मीटरवर. बेळगावचा माणूस पावसात भिजायला आंबोलीला ‘वर’ म्हणून जातो खरा, पण प्रत्यक्षात थोडा खालीच उतरतो! आंबोली थंड हवेचे ठिकाण म्हणून नावारूपाला आली ती सावंतवाडीच्या पोलिटिकल एजंटामुळे, म्हणजे संस्थानावर नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्यामुळे. कर्नल वेस्ट्रॉपने १८८० च्या दशकात तिची उभारणी केली, कारण सावंतवाडी आणि वेंगुर्ला उकडत होते आणि वेंगुर्ला बंदरातून बेळगावच्या छावणीला जाणारा माल त्याच घाटाने चढत होता. बेळगावच्या गोऱ्या लोकांना उन्हाळ्यासाठी वेगळा डोंगर शोधायची निकडच नव्हती, कॅम्पात झाडांखाली गारवा होताच. म्हणून खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात सुट्टी घालवण्याचे ‘मॅनर’ सापडणे कठीण. सापडतात ते कामाचे बंगले: वनखात्याचे, रस्ते-पूल बांधणाऱ्या खात्याचे, रेल्वे इंजिनिअरांचे आणि लाकडाचा ठेका घेणाऱ्यांचे. सदर्न मराठा रेल्वे १८८० च्या दशकात इथे आली, लोंढ्याहून एक फाटा कॅसलरॉककडे आणि तिथून घाट उतरून मुरगाव बंदराकडे गेला. त्या कामासाठी किती माणसे रानात वर्षानुवर्षे राहिली असतील, विचार करा. हाल्याळ-दांडेलीचे सागवान होते, चोर्ल्याकडून गोव्याला जाणारी वाट होती. तुमचा बंगला या कामांपैकी कशाचा तरी भाग असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते.

यात कमीपणा कसला? उलट हिल स्टेशनवरचे नामांकित बंगले तरी कुठे निव्वळ ऐषारामाचे होते? बरेचसे भाड्याने द्यायलाच बांधलेले. एखाद्या लष्करी अधिकाऱ्याने बांधायचे, हंगामात भाड्याने द्यायचे, बदली झाली की पारशी किंवा बोहरी व्यापाऱ्याला विकून टाकायचे. महाबळेश्वर-माथेरानला जमीन बहुधा सरकारचीच, भाडेपट्ट्याने घेतलेली, आणि मालकी फक्त वरच्या बांधकामाची. जूनमध्ये साहेब खाली उतरला की माळी भिंतींना बाहेरून गवताचे झाप बांधून घर गुंडाळून ठेवी, आणि चार महिने पावसात घर सांभाळी तोच. त्या घराचा इतिहास म्हणजे साहेबाचे दोन महिने आणि माळ्याचे दहा.

उटीचे उदाहरण मला फार आवडते. विल्यम रम्बोल्डने १८३० च्या सुमारास खर्चाचा विचार न करता जी खांबांची इमारत बांधली ती हॉटेल म्हणूनच सुरू झाली, आणि पुढे तिचा क्लब झाला. सॅव्हॉय हॉटेलची सुरुवात मिशनच्या शाळेत आहे. फर्नहिल १८४४ मध्ये कॉटन नावाच्या कॅप्टनने बांधला, १८७३ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी घेतला आणि अगदी अलीकडे तो हॉटेल झाला. माथेरानचे बार हाउस कॅप्टन बारने १८५२ मध्ये बांधले. पुढे ते मुंबईच्या पारशी कुटुंबाकडे गेले, आणि निमराणा या हॉटेल समूहाने तिथे छोटेखानी हॉटेल चालवले. शाळेचे हॉटेल, हॉटेलचा क्लब, बंगल्याचा राजवाडा, राजवाड्याचे पुन्हा हॉटेल! ‘शतकानुशतके एका खानदानी कुटुंबाचे निवासस्थान’ असे चित्र माहितीपत्रकात शोभते, पण प्रत्यक्षात या घरांनी मालक भराभर बदलले आणि म्हणूनच ती टिकली.

हेरिटेज हॉटेल हा धंदा म्हणून आपल्याकडे उशिरा आला. जयपूरचा रामबाग राजवाडा १९५७ मध्ये हॉटेल झाला. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाल्यावर बाकीच्या राजवाड्यांनाही उत्पन्नाची वाट शोधावी लागली. निमराणाचा पडका किल्ला १९८६ मध्ये विकत घेतला गेला आणि १९९१ मध्ये पाहुण्यांना खुला झाला. तिथून हवेल्या, गढ्या आणि डोंगरातले बंगले या सगळ्यांकडे लोक नव्या नजरेने पाहू लागले. केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याच्या वर्गवारीत साध्या ‘हेरिटेज’ गटासाठी इमारत १९५० पूर्वीची असावी लागते आणि किमान ५ खोल्या लागतात. वरच्या दोन गटांना १९३५ पूर्वीची इमारत आणि किमान १५ खोल्या. दर्शनी भागात मूळ रूप बिघडवणारा बदल नको, ही अट आहेच. म्हणजे १७९० चा हट्ट धरायची तुम्हाला मुळातच गरज नाही. घर १९१० चे निघाले तरी वर्गवारीला ते पुरेसे जुने आहे.

आता घर कोणत्या सालचे, हे घरालाच विचारायचे. कागदपत्रांकडे मी नंतर येतो, कारण कागद हरवतात, भिंत हलत नाही.

सुरुवात छपरापासून करा. एक मंगळुरी कौल काढून उलटे करा. पाठीवर कारखान्याचे नाव असते. ‘बासेल मिशन’ आणि खाली १८६५, किंवा ‘अल्बुकर्क’ आणि १८६८ असे दिसले की मालक लोक आनंदाने दारावर तेच वर्ष कोरून टाकतात. अहो, ते कारखाना सुरू झाल्याचे वर्ष आहे, कौल भाजल्याचे नव्हे. त्यावरून इतकेच सिद्ध होते की हे छप्पर त्या वर्षानंतरचे. ‘कॉमनवेल्थ’ असा ठसा असेल तर कौल १९२० च्या आसपासचे किंवा त्यानंतरचे, कारण पहिल्या महायुद्धात मिशनचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. खानापूरची माती तर कौलांना आणि कुंभारकामाला नावाजलेलीच. स्थानिक कारखान्यांचे ठसे मिळाले तर छप्पर नंतर कधीतरी शाकारले गेले असे समजा. कौल हे शर्टाच्या बटणासारखे आहे, तुटले की बदलतात. त्यावरून शर्टाचे वय ठरत नाही.

खरी गंमत कौलांच्या खाली आहे. मंगळुरी कौलाला रिपा साधारण एक-एक फुटावर लागतात. नळीची कौले जवळजवळ बसवलेल्या रिपांवर किंवा बांबूच्या कामट्यांवर बसत. वाशांच्या पाठीवर आजच्या रिपांशी न जुळणारी, जवळजवळची खिळ्यांची भोके किंवा दोरीचे घासलेले वळ दिसले, तर घर मंगळुरी कौलांच्या आधीचे असण्याचा तो चांगला पुरावा. वासे सागाचे, किंदळाचे की मत्तीचे, हे आपला म्हातारा सुतार वास आणि वजन बघून सांगेल. करवतीच्या खुणाही बघा. दोन माणसांनी उभे राहून ओढलेल्या आऱ्याच्या खुणा सरळ पण वेड्यावाकड्या अंतराच्या असतात, आणि गिरणीतल्या गोल करवतीच्या खुणा कमानीसारख्या.

व्हरांड्यावर किंवा कोठीवर लोखंडी तुळया असतील तर चुना खरवडून त्यांच्या बाजूवरची अक्षरे वाचा. ‘डॉर्मन लाँग’ ही इंग्लंडातली कंपनी, तिच्या तुळया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बोटीने आपल्याकडे येत. ‘टाटा’ दिसले तर काम १९१२ नंतरचे, कारण जमशेदपूरला पोलाद निघू लागले ते त्या वर्षी. सिमेंटही असेच. आपल्याकडे सिमेंट सहज मिळू लागले ते विसाव्या शतकात, तेव्हा तळात किंवा दर्जांत मूळचे सिमेंट दिसले की घर जुने म्हणवण्याची हौस थोडी आवरती घ्या.

मग साहेबाच्या सोयी शोधा. हॉलच्या आढ्याला ओळीने लोखंडी कड्या आणि व्हरांड्याकडच्या भिंतीत, दाराच्या डोक्यावर, गुळगुळीत झालेले एक लहान भोक असेल तर तिथून पंख्याची दोरी बाहेर जात होती आणि तिच्या टोकाला, बहुधा पायाला दोरी बांधून, पंखेवाला बसलेला होता. ते भोक बुजवू नका. मेस्त्री पहिल्याच दिवशी बुजवायला बघेल. झोपायच्या प्रत्येक खोलीला लागून न्हाणी आणि न्हाणीला बाहेर उघडणारे स्वतंत्र दार असेल, तर ते दार कमोडचे पात्र बाहेर नेणाऱ्या मेहतराचे. घरात एक माणूस रोज येई आणि घरातल्या कुणाला तो दिसू नये अशी रचना मुद्दाम केलेली आहे. हे सांगायला पाहुण्यांसमोर संकोच वाटेल, पण बंगल्याचा आराखडा समजायला याहून चांगली जागा नाही. स्वयंपाकघर मुख्य घरापासून लांब का, मधे छपराची पायवाट का, मागच्या चाळीत खोल्या किती आणि त्यातली कोणती तबेल्याला लागून, यावरून घरात किती माणसे राबत होती आणि मालक किती मोठा पगारदार होता, ते कळते. वनखात्याच्या बंगल्यात शक्यतो कचेरीची खोली निराळी मिळते, तिचे दार थेट व्हरांड्यात उघडते, म्हणजे ठेकेदार आणि रानातली माणसे घरात न येता कामापुरते भेटतील. तुमच्या घरात तशी खोली आहे का? असेल तर माझा अंदाज आणखी पक्का होतो.

फायरप्लेस असल्याचे तुम्ही अभिमानाने लिहिले आहे. तिच्या धुराड्यात बॅटरी मारून वर बघा. आत काजळी नसेल तर ती शोभेची आहे. अशाही असतात, विलायतेची आठवण म्हणून बांधलेल्या.

कागदांचा मार्ग या सीमाभागात जरा वाकडा आहे. १८३६ मध्ये धारवाड जिल्ह्याचे दोन भाग होऊन बेळगाव जिल्हा झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो मुंबईत होता. त्या दिवशी तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका मात्र तोडून कोल्हापूरला जोडला गेला. म्हणजे चंदगडच्या बंगल्याचा जुना कागद बेळगावच्या दप्तरात असू शकतो, आणि बेळगावच्या बंगल्याबद्दलचा सरकारी पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. तुमच्या बाबतीत १९५६ आधीचे कागद इंग्रजीत, मराठीत किंवा मोडीत आणि नंतरचे कन्नडमध्ये मिळतील. मोडी वाचणारा आणि कन्नड वाचणारा असे दोघे जण लागतील. एकाच माणसाला दोन्ही येत असेल तर त्याला चहाबरोबर कुंदाही द्या.

सर्वांत आधी आजोबांचा खरेदीदस्त काढा. सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयातून नक्कल मिळते. दस्ताच्या शेवटी मिळकतीचे वर्णन असते, कधी कधी फर्निचरची यादीही. विकणाऱ्याला तो बंगला कुठून मिळाला हे त्यात एक-दोन ओळींत लिहिलेले असते. ती ओळ धरून मागच्या दस्ताकडे जायचे, असे उलटे चालत राहायचे. विकणारा साहेब बहुधा बांधणारा नव्हे, हे लक्षात असू द्या. नावे हाती आली की त्या काळच्या छापील डिरेक्टऱ्या उपयोगी पडतात. कोण अधिकारी कोणत्या ठाण्यावर होता ते त्यांत वर्षवार असते. बेळगाव जिल्ह्याचे १८८४ चे गॅझेटिअर नजरेखालून घाला. जुन्या एक इंची (मैलाला एक इंच प्रमाणाच्या) नकाशांवर बंगला दिसतो का, आणि दिसत असेल तर कोणत्या आवृत्तीपासून, हेही बघा. ज्या नकाशात घर नाही आणि पुढच्या नकाशात आहे, त्या दोन वर्षांच्या मधे ते बांधले गेले. इतका साधा पुरावा लोक बघत नाहीत याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

जमिनीची खातरजमा इतिहासासाठीच नव्हे, हॉटेलसाठीही अटळ आहे. तुमच्या बंगल्याभोवतीची शेतजमीन कुळांकडे होती का? असेल तर १ मार्च १९७४ पासून कर्नाटकात कुळांच्या जमिनी सरकारजमा होऊन, अर्ज करणाऱ्या कुळांना मिळाल्या. तेव्हा आजोबांच्या दस्तातले क्षेत्र आणि आजच्या उताऱ्यातले क्षेत्र यांत फरक असणारच. तो आधी समजून घ्या, पाहुण्यांना ‘आमची ४० एकरांची इस्टेट’ म्हणून रान दाखवू नका. बंगल्याखालची जागा बिगरशेती आहे का, तेही पाहा. जांबोटी परिसराला लागून भीमगड अभयारण्य आहे, ते २०११ मध्ये घोषित झाले. तुमचा सर्व्हे नंबर त्याच्या आसपासच्या संवेदनशील क्षेत्रात येतो का, हे आर्किटेक्टला पहिला हप्ता देण्याआधी वनखात्यात जाऊन विचारा.

तुमच्यासारखे इतरही वाचणारे असतील म्हणून दोन ओळी. बेळगाव कॅम्पातला बंगला असेल तर खेळ वेगळा. तिथे बरेच बंगले ‘ओल्ड ग्रँट’चे, म्हणजे जमीन सरकारची आणि तुमचे फक्त बांधकाम. कॅन्टोन्मेंटच्या जमीन नोंदवहीत तुमची मिळकत कोणत्या वर्गात आहे ते पाहिल्याशिवाय हॉटेल तर सोडाच, एक भिंतही पाडू नका. आंबोली, चौकुळ, गेळे इथे कबुलायतदार गावकर जमिनीचा, म्हणजे गावकऱ्यांनी सामाईक धरलेल्या जमिनीचा, प्रश्न वर्षानुवर्षे चालला आहे. तिथे बंगला विकत घेऊन हॉटेल काढायची स्वप्ने बघणाऱ्यांनी आधी वकील गाठावा.

दंतकथांचे काय करायचे, हाही तुमचा प्रश्न होता. त्या फेकू नका, पण इतिहासापासून वेगळ्या ठेवा. फरक कसा असतो ते बेळगावातच बघायला मिळते. स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगावात आले होते. आधी रिसालदार गल्लीत भाट्यांच्या घरी, मग किल्ल्यात हरिपद मित्र यांच्या बंगल्यात राहिले. मित्र हे वनखात्यातले अधिकारी. त्यांनी आठवणी लिहून ठेवल्या, घर ओळखता येते, तारखा जुळतात. म्हणून आज तिथे रामकृष्ण मिशनने जपलेले स्मारक उभे आहे आणि ‘स्वामीजी इथे राहिले’ हे वाक्य कुणी खोडू शकत नाही. तुमच्याकडे गव्हर्नर येऊन गेल्याची गोष्ट आहे. कोणता गव्हर्नर, कोणत्या साली, कुणी पाहिले, यांपैकी एकाचेही उत्तर नाही. ती ‘गावात असे सांगतात’ म्हणून सांगा.

त्यापेक्षा माळ्याच्या, बावर्चीच्या, टपालवाल्याच्या घरच्यांकडे जा. साहेबाचे वंशज विलायतेत शोधत बसण्यापेक्षा, मागच्या चाळीत ज्यांचे पणजोबा राहिले ती माणसे तुमच्याच गावात आहेत. कोणते झाड कुणी लावले, विहीर कोणत्या दुष्काळात आटली, साहेबाच्या पोराचे थडगे कुठे आहे, घर विकले त्या आठवड्यात काय काय लिलावात गेले, हे त्यांना ठाऊक असते. आणि ज्यांनी रान राखले, लाकूड ओढले ती गवळी-धनगर आणि मराठा कुटुंबे. त्यांना आधी विचारून, त्यांच्या नावाने हे लिहा.

आता दुरुस्ती. इथे माझे मत ठाम आहे: पहिला पैसा पाणी बाहेर काढण्यावर घाला, शेवटचा पैसा रंगावर. घर जांभ्या दगडाचे असेल तर भिंतींवरचा सिमेंटचा गिलावा हा तुमचा मुख्य शत्रू आहे. जांभा खाणीत मऊ असतो, हवेत कडक होतो, पण ओल आत कोंडली की पुन्हा भुसभुशीत होतो. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमधून पडत नाही. मग बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आतून दगड पिठासारखा गळतो. सिमेंट खरवडून काढा, भिंतीला एक उन्हाळा वाळू द्या, मग चुना. चुना नीट भिजवून, मुरवून घ्या. आपल्याकडे त्यात हिरड्याचे पाणी आणि गूळ घालायची पद्धत होती आणि ती अजून माहीत असलेले गवंडी आहेत, वयस्क आहेत. त्यांच्याबरोबर तरुण पोरे लावा.

छपराला पूर्ण पत्रा मारून वर शोभेची कौले चिकटवायची सूचना तुम्हाला कुणीतरी करणारच. घरातली गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जाते म्हणून ते घर गार आहे. पत्रा मारलात की एसी लावावा लागेल आणि एसीसाठी भिंती फोडाव्या लागतील. वळचणीच्या पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात ना, चर वाहता आहे ना, वाशांच्या टोकांना वाळवी नाही ना, इतके पाहा. वाळवीने खाल्लेले टोक तेवढेच कापून नवे लाकूड सांध्यात बसवता येते, अख्खा वासा बदलू नका.

न्हाणीघरे कुठे करायची, यावर हॉटेलचे सगळे गणित अडते. सुदैवाने साहेबाने प्रत्येक खोलीला न्हाणी दिलेली आहे. त्याच जागी आधुनिक संडास-बाथरूम बसवा, मेहतराच्या दारातून नळ-ड्रेनेज बाहेर काढा. हॉलचे तुकडे करून चार खोल्या काढण्याचा मोह आवरा. खोल्या वाढवायच्या असतील तर मागची चाळ आणि तबेला आहेत. ते पाडून काँक्रीटचे कॉटेज उठवलेत तर पाहुण्याला दाखवायला फक्त साहेबाचे दिवाणखाने उरतील. सेप्टिक टाकी विहिरीच्या वरच्या अंगाला नको. जुनी लाकडी पट्ट्यांतली वायरिंग शोभेला ठेवा, वीज नव्या वायरीतूनच न्या. कौलारू घराला आग लागली तर खानापूरहून बंब पोहोचेपर्यंत फारसे काही उरणार नाही.

थाटाचा नमुना बघायचा असेल तर सावंतवाडीचा राजवाडा बघून या. त्या घराण्याने राजवाड्याच्या एका भागात मोजक्या खोल्यांचे हॉटेल केले आणि सजावटीला आपली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, घेतली, कुठून तरी आणलेली इंग्रजी निसर्गचित्रे नव्हेत. तुमच्याकडे खानापूरचे कुंभारकाम आहे. पाण्याचे माठ आणि जेवणाची भांडी तिथून घ्या.

यंदाचा पावसाळा मात्र काहीही न करता जाऊ द्या. छप्पर दसऱ्यानंतरच उघडायचे. तोवर प्रत्येक मोठ्या सरीनंतर घरभर फिरून कुठे गळते, कुठे पाझरते ते भिंतीवर खडूने तारीख घालून लिहा आणि फोटो काढा. ठसे, भोके, खिळ्यांच्या खुणा यांचेही फोटो आताच हवेत. मेस्त्री आत शिरल्यावर पहिल्या आठवड्यात त्या जातात.

खोल्यांना गव्हर्नरांची नावे देऊ का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. नका देऊ. जी खोली जे होती तेच नाव ठेवा: कचेरी, कोठी, तबेला, बावर्चीखाना. कचेरीच्या खोलीचा पहिल्या वर्षी भाव जरा जास्त ठेवा. व्हरांड्यात सकाळचे ऊन तिथेच येत असणार.